एक्सेप्शन हँडलिंगचा, म्हणजे प्रोग्रॅम चालताना अनपेक्षित चूक आली तर काय करायचं याचा, विचार सुरुवातीलाच करावा, की मुख्य फीचर्स झाल्यावर?

सुरुवातीलाच. "आधी सगळं चालू तर होऊ दे, एक्सेप्शनचं नंतर बघू" हे मी माझ्या टीम लीडकडून ऐकलंय आणि त्यातून काय झालं तेही पाहिलंय.

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही जावात करत होतो. ज्येष्ठ नागरिकांना ठेवीवर अर्धा टक्का जास्त, म्हणून ३१ मार्चला व्याज टाकताना जन्मतारीख लागायची. जुन्या रजिस्टरवरून डेटा भरताना काही खात्यांना त्या रकान्यात कुणीतरी चक्क 'माहीत नाही' असं टाइप केलेलं. प्रोग्रॅमला ती तारीख म्हणून वाचता येईना, एक्सेप्शन यायचं, आणि कॅच ब्लॉक, म्हणजे चूक आल्यावर काय करायचं ते लिहायची जागा, रिकामा. प्रोग्रॅम गुपचूप पुढच्या खात्यावर. शेवटी स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'व्याज जमा झाले'.

जूनमध्ये एक निवृत्त शिक्षिका पासबुक घेऊन आल्या. मार्चअखेरची व्याजाची ओळच नव्हती. "फॉर्म भरताना माझंच काही चुकलं का?" असं त्या विचारत होत्या. ते अजून टोचतं. अशी आणखी खाती किती, हे सांगायला लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, एक अक्षर नव्हतं. तीन रात्री बसून एकेक खातं हाताने जुळवलं.

"असल्या केसेस हजारात एक" असं लीड म्हणायचे. ४ जून १९९६ ला आरियान ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण सुमारे ४० सेकंदांत संपलं. दिशा मोजणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही आणि एक्सेप्शन आलं. अशा सात आकड्यांपैकी चारांनाच संरक्षण दिलेलं होतं. हा आकडा एवढा वाढणारच नाही, हे आरियान ४ च्या वेळचं गृहीतक नव्या रॉकेटसाठी कुणी पुन्हा तपासलं नाही. बॅकअप कॉम्प्युटरवरही तोच कोड, त्यामुळे दोन्ही बंद पडले.

डिझाइनच्या वेळीच ठरवा: कुठल्या चुकीला काम थांबवायचं, कुठलं रेकॉर्ड बाजूला काढायचं, आणि ते कोणाला दिसणार. कॉलेजच्या डेमोसाठी एवढं नको, हे मान्य. आणि ओळीओळीला ट्राय-कॅच लावणं म्हणजे नियोजन नव्हे.

लीड आजही म्हणतात, तेव्हा वेळ नव्हता. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना एकच गोष्ट विचारायची होती, जन्मतारीख नसेल तर काय करता? जूननंतर विचारलं, तेव्हा चहा संपायच्या आत त्यांनी सांगितलं, "साधा दर लावा आणि त्यांची यादी आम्हाला द्या, फोन करून विचारून घेतो."