नववी-दहावीची मुलं दर वेळी तीच प्रश्नावली मनापासून का भरत नाहीत?

मनःस्वास्थ्याची प्रश्नावली सहावीची मुलं नीट भरतात, पण दहावीची मुलं दोन मिनिटांत एकाच रकान्यात खुणा करून कागद परत देतात, त्यांचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी माध्यमिक शाळेत समुपदेशक आहे. असे गठ्ठे माझ्याही हाती आले आहेत.

एकदा मी दहावीतल्या एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, जुलैत लिहिलं होतं ना मी. त्याचं काय झालं?" खरंच काही झालं नव्हतं. आकडे तक्त्यात भरले आणि तक्ता फाइलला लागला. या वयाची मुलं आपण सांगितलेल्याचं पुढे काय होतं ते बघतात आणि मगच पुन्हा सांगतात.

तेव्हापासून कागद गोळा झाले की पंधरा दिवसांच्या आत मी प्रत्येक तुकडीत जाते. कुणाचंही नाव न घेता, वर्गाने काय सांगितलं ते फळ्यावर मांडते आणि त्यातलं आधी काय बदलायचं ते मुलांना ठरवू देते. मधल्या सुट्टीत जादा तास असल्याने डबा खायला वेळच मिळत नाही, असं त्या वर्षी बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. मुख्याध्यापकांशी बोलून ते तास शाळा सुटल्यानंतर ठेवले. पुढच्या वेळी त्याच मुलांच्या कागदावर नुसत्या खुणा नव्हत्या, वाक्यं होती.

प्रश्न मात्र बदलू नका. आम्ही जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली वापरतो. प्रत्येक विधानाला ० ते ५ गुण, एकूण २५. शब्द बदलले तर जुलै आणि डिसेंबरची तुलनाच होत नाही, हे मुलांना सांगितलं की पटतं. खाली दोन प्रश्न त्यांचे त्यांना घालू देते. कधीकधी तेच सगळ्यांत बोलके असतात.

कागद वर्गशिक्षकांनी गोळा करू नयेत. मुलं स्वतः पाकिटात घालून देतात. मी आधीच स्पष्ट सांगते: हे मी एकटी वाचते, पण कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसणार नाही, मात्र आधी तुझ्याशी बोलेन. बेरीज १३ च्या खाली आली तर त्याच आठवड्यात त्या मुलाला भेटते. तेवढ्यावरून निदान होत नाही, पण विचारपूस व्हायलाच हवी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक कागदाच्या तळाशी छापलेला असतो. 'आज भरायचं नाही' असाही एक चौकोन आहे, आणि त्यावर खूण केली म्हणून कुणाला बोलणी बसत नाहीत. खोट्या खुणांपेक्षा मला तो कागद जास्त उपयोगी पडतो.

ही विधानं मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात, त्यामुळे परीक्षेला लागून भरून घेतली तर परीक्षेचाच ताण मोजला जातो. दहावीला मी तीनदाच घेते: जुलैत, दिवाळीच्या सुट्टीनंतर पंधरवड्याने आणि डिसेंबरअखेर. जानेवारीत पूर्वपरीक्षा सुरू झाली की काही बदलायला शाळेकडेही वेळ उरत नाही.