जेलमध्ये खरंच सुधारलेल्या कैद्याची फाशी माफ करावी का?

हो, करावी, पण माफ फक्त फाशी, शिक्षा नाही, जन्मठेप त्याने भोगायचीच. सुप्रीम कोर्टाने १९८० च्या बचन सिंग केसमध्ये म्हटलंय की फाशी 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' केसमध्येच द्यायची आणि आरोपी सुधारू शकत नाही हे सरकारने पुराव्याने दाखवायचं, मग ज्याने इतकी वर्षं आत राहून स्वतः सुधारून दाखवलं त्याला लटकवून काय मिळतं? अमेरिकेत टेक्सासमध्ये कार्ला फे टकर नावाच्या बाईला १९९८ ला मृत्युदंड दिला, दोन खून होते तिच्यावर, पण जेलमध्ये ती पार बदलली होती आणि मारल्या गेलेल्या बाईचा भाऊसुद्धा म्हणत होता की हिला मारू नका, तरी नाही ऐकलं, आणि मला ते साफ चुकीचं वाटतं. फक्त एक आहे, सुधारणा म्हणजे नुसतं देवदेव करणं किंवा दयेच्या अर्जाआधी चार महिने गुमान वागणं नव्हे, जेलमधलं वागणं, मानसिक तपासणीचा रिपोर्ट हे सगळं बघूनच ठरवायचं, २०२२ च्या मनोज केसमध्ये कोर्टाने असे रिपोर्ट मागवायला सांगितलेच आहेत.