‘टेक’ म्हणजे नुसतं ‘घेणे’ नव्हे

पलूसच्या एका अकरावीतल्या मुलीने विचारलंय: शाळेत ‘टेक’ म्हणजे घेणे असं शिकवलं, पण ‘टेक ऑफ’, ‘टेक आफ्टर’, ‘टेक प्लेस’ यांत घेण्यासारखं काहीच दिसत नाही. मग सगळ्या वाक्प्रचारांची यादी पाठ करायची का?

यादी पाठ करू नकोस. ती संपत नाही, आणि पाठ केलेलं बोलताना वेळेवर आठवत नाही. त्यापेक्षा आपलं मराठी समोर ठेव. ‘टेक’ची कामं आपल्याकडे तीन-चार क्रियापदांत वाटली गेली आहेत. औषध, श्वास, जबाबदारी आपण घेतो. फोटो, नोट्स आणि अंगातला शर्ट मात्र काढतो. हा शर्टवाला अर्थ म्हणजे तुझ्या ‘टेक ऑफ’चा एक अर्थ, दुसरा विमान उडण्याचा. सोसायटीचं कर्ज आपण काढतोही आणि घेतोही. वेळेच्या बाबतीत तर वाक्यच उलटं फिरतं: साताऱ्याहून सांगलीला यायला आपल्याला अडीच-तीन तास लागतात, इंग्रजीत मात्र तो प्रवास तेवढे तास ‘घेतो’. ‘टेक आफ्टर’ला आपल्याकडे ‘जाणे’ आहे: पोरगं अगदी आजोबांवर गेलंय!

उलट बाजूही बघ. तुमच्या भागात हळदीचं पीक घेतात, उसाचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक) घेतात, तोडणीची टोळी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेते. उचलीला ‘टेक’ चालेल. पिकाला चालणार नाही, तिथे ‘ग्रो’ हवं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो परीक्षेचा, आणि याच जागी मी सगळ्यांना थांबवून सांगतो. मराठीत सर परीक्षा घेतात आणि विद्यार्थी परीक्षा देतो. इंग्रजीत परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी. म्हणून ‘आय गेव्ह ॲन एक्झाम’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येत असलं, तरी लंडनच्या माणसाला वाटेल की बोलणारा शिक्षक आहे. क्रियापद तेच, पण देणारा-घेणारा बदलला. म्हणून ‘टेक’ भेटलं की आधी कर्ता कोण ते बघ, मग त्याच्यासोबत कोणतं नाम आलंय ते बघ. अर्थ तिथेच सापडतो.

निर्णयाच्या बाबतीत मात्र निर्धास्त राहा. ‘टेक अ डिसिजन’ ब्रिटिश इंग्रजीत चालतं, अमेरिकेत ‘मेक’ जास्त म्हणतात. अंघोळीचं नेमकं उलट: अमेरिकन माणूस ‘टेक अ बाथ’ म्हणतो, ब्रिटिश बहुधा ‘हॅव’.

आता माझी सगळ्यात आवडती जोडी. ‘टेक लीव्ह’ म्हणजे सुट्टी घेणे, आणि निरोप घेणेसुद्धा. आपली ‘रजा’ अगदी तशीच आहे: कारकून कचेरीतून रजा घेतो आणि पाहुणा उठताना म्हणतो, ‘बराय, रजा घेतो.’ दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ परवानगी. ‘रजा’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आली, तिकडे तिचा अर्थ संमती. ‘लीव्ह’ हा जुन्या इंग्रजीतला परवानगीचाच शब्द. या शब्दांचा एकमेकांशी संबंध नसताना दोन भाषांनी परवानगीपासून सुट्टी आणि निरोपापर्यंत एकच वाट चालावी, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

खुद्द ‘टेक’ इंग्रजीच्या घरचा नाही, हेही सांगायला हवं. जुन्या इंग्रजीत घेण्याला ‘निमन’ होतं. जर्मनमध्ये त्याचं भावंड ‘नेमेन’ आजही रोजच्या वापरात आहे. उत्तरेकडून येऊन इंग्लंडमध्ये वसलेल्या व्हायकिंगांनी आपला ‘ताका’ आणला आणि हळूहळू ‘निमन’ मागे पडलं. बधिर या अर्थाचा इंग्रजी ‘नम’ मात्र त्यातूनच उरला आहे: ज्याची संवेदना ‘घेतली गेली’ तो.

राहिलं ‘टेक प्लेस’. तिथे घेणं आणि जागा दोन्ही विसर, आणि सबंध जोडी ‘होणे’ किंवा ‘पार पडणे’ या एकाच अर्थाने लक्षात ठेव. सभा होते, लग्न पार पडतं, निवडणूक होते. फक्त ‘टेक हिज प्लेस’ असं मध्ये कुणाचं नाव किंवा सर्वनाम आलं, की अर्थ लगेच बदलतो: त्याची जागा घेणे, शब्दशः.