थेरप्युटिक इंडेक्स, हाफ-लाइफ, पोटन्सी: एकाच औषधावरून

तुमचा प्रश्न असा: डी. फार्मच्या (फार्मसी पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला या तीन शब्दांच्या व्याख्या पाठ होतात, पण डोक्यात शिरत नाहीत. वर इतिहासाचं प्रकरण कशाला?

ते प्रकरण गाळू नका. माझं नाशिकला पंचवटीत मेडिकल आहे, माल गोळे कॉलनीतल्या घाऊक बाजारातून येतो. त्यातलं डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध हातात घ्या, बरंचसं त्यातच आहे.

नीट योजलं नाही तर औषधाचंही विष होतं, हे चरकसंहितेत आहे. सोळाव्या शतकात युरोपात पॅरासेल्सस या वैद्यानेही मात्रेवरच बोट ठेवलं. पण नेमकं द्यायचं किती? इंग्लंडचा डॉक्टर विल्यम विदरिंग त्याच्या मागे लागला. 1775 च्या सुमारास एका म्हातारीचा अंगावरची सूज उतरवणारा गुप्त काढा त्याच्याकडे आला. त्यात वीसेक वनस्पती, पण काम करते ती फॉक्सग्लोव्ह, हे त्याने ताडलं. पुढे दहा वर्षं रोगी पाहून 1785 मध्ये पुस्तक काढलं, आणि ज्यांना गुण आला नाही असे रोगीही त्यात लिहिले. (आजही सगळे लिहीत नाहीत.) त्याचे नियम असे: पानांचा जोर ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून झाड फुलावर असतानाच पानं तोडायची. लघवी सुटली, मळमळलं किंवा नाडी मंदावली की औषध थांबवायचं. त्रासाची मात्रा गुणाच्या मात्रेच्या किती पट आहे, ते गुणोत्तर म्हणजे थेरप्युटिक इंडेक्स. फॉक्सग्लोव्हच्याच जातीच्या झाडातून मिळणाऱ्या डिगॉक्सिनचा तो फार कमी आहे.

रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागतो तो वेळ हाफ-लाइफ. पॅरासिटामॉलला 2-3 तास, डिगॉक्सिनला 36 ते 48. ते मुख्यतः किडनीवाटे जातं. आजोबांची किडनी थकलेली असेल, तर कालचं शिल्लक असताना आजची गोळी वर पडते आणि औषध साचतं.

ठरावीक परिणामाला औषध जितकं कमी लागतं, तितकी त्याची पोटन्सी जास्त. तिचा घोळ काउंटरवर रोजचा. लोक पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमऐवजी 650 ची गोळी मागतात, ‘जास्त पॉवरची’ म्हणून. औषध तेच, पोटन्सी तीच, वाढली ती मात्रा. तुलना करायची तर लघवी वाढवून सूज उतरवणाऱ्या दोन गोळ्या घ्या. तोंडाने घेतलेल्या फ्युरोसेमाइड 40 मिलिग्रॅमने जेवढी लघवी होते, साधारण तेवढी टॉर्सेमाइड 20 मिलिग्रॅमने होते. टॉर्सेमाइड जास्त पोटंट. मात्र ‘म्हणून जास्त चांगलं’ असं पेपरात लिहू नका, मार्क जातील.