वाट बदलली म्हणून क्षेत्र सोडायचं?

तू लिहितेस की बी.कॉम. संपल्यावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचा डिप्लोमा करायचं ठरवलं होतंस. पण अमेरिकेने चीनकडून माल घेणं कमी केलं, टॅरिफ (आयातीवरचा कर) वाढले, अशा बातम्या ऐकून घरचे म्हणताहेत, ‘यात आता काही राम उरला नाही.’

बातमी खोटी नाही, काढलेला अर्थ चुकीचा आहे. 2018 मध्ये अमेरिकेने चीनहून सुमारे 539 अब्ज डॉलरचा माल आणला. 2023 मध्ये हा आकडा 427 अब्जांवर आला आणि 475 अब्जांच्या आसपास माल पाठवून मेक्सिको पहिल्या क्रमांकावर गेला. पण याच काळात अमेरिकेची एकूण आयात वाढली. माल यायचा थांबला नाही, फक्त दुसऱ्या वाटेने येऊ लागला. आणि वाट बदलली की कागदपत्रांचं काम वाढतं.

लॅपटॉपचंच घे, एचएस कोड (जगभर माल ओळखायला वापरतात तो वर्गीकरणाचा आकडा) 8471.30. जुळणी व्हिएतनाममध्ये झाली, आतले बरेच भाग चीनचे. मग तो लॅपटॉप कुठला धरायचा? मालात शेवटचा भरीव बदल कुठे झाला, हे अमेरिकी कस्टम्स बघतं. नुसतं खोकं बदलून भागत नाही. मूळ देश बदलला की ड्युटी, म्हणजे हाच आयात कर, बदलू शकते, आणि चुकीचा देश दाखवला तर आयातदाराला दंड बसू शकतो. हे ओळखता येणारं माणूस टॅरिफ वाढतात तेव्हाच जास्त लागतं. म्हणून मला तुझी निवड योग्य वाटते.

एका महिन्याच्या आकड्यावर मात्र कधी विसंबू नकोस. 2025 च्या मार्चमध्ये अमेरिकेची आयात विक्रमी झाली आणि एप्रिलमध्ये धाडकन कोसळली. मागणी काही महिनाभरात संपली नव्हती. टॅरिफ लागण्याआधी, विशेषतः औषध कंपन्यांनी, माल भरून ठेवला होता.

फी भरण्याआधी संस्थेला एवढंच विचार: वर्गीकरण (मालाला कोणता कोड लावायचा), मूळ देशाचे नियम आणि मूल्यांकन (कर लावण्यासाठी मालाची किंमत ठरवणं) प्रत्यक्ष बिलांवर शिकवता का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघ. तोवर अमेरिकी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाच्या ‘डेटावेब’ या आकडेवारीच्या संकेतस्थळावर लॅपटॉपचा हाच कोड टाकून 2017 पासूनचे देशवार आकडे एक्सेलमध्ये उतरव. ज्या वर्षी चीनचा वाटा हलला, तिथे कारण लिही. ते पान मला पाठव, मी नक्की वाचेन.