२.७ जीपीए आणि पीए स्कूल : एका विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. जीवशास्त्राची पदवी, १२० क्रेडिट आणि २.७ जीपीए (४ पैकी सरासरी श्रेणीगुण) एवढ्या भांडवलावर अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट (पीए, म्हणजे डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारी आणि उपचार करणारी प्रशिक्षित व्यक्ती) होण्याची आशा धरावी की सोडावी, असे तू विचारले आहेस. आशा धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या वर्षी अर्ज करू नये, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगते. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची सरासरी आज ३.५ च्या वर असते आणि बऱ्याच अभ्यासक्रमांची किमान अट ३.० असल्यामुळे तुझा अर्ज कोणी वाचण्यापूर्वीच बाजूला पडण्याचा धोका खरा आहे.

सर्वप्रथम हा आकडा कसा तयार होतो ते नीट समजून घे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. बहुतेक पीए स्कूलचे अर्ज 'कॅस्पा' या केंद्रीय यंत्रणेतून जातात आणि ही यंत्रणा तुझ्या विद्यापीठाने काढलेली सरासरी न स्वीकारता सर्व गुणपत्रकांवरून स्वतः नव्याने हिशेब करते. एखादा विषय तू पुन्हा दिलास आणि विद्यापीठाने जुनी श्रेणी पुसून टाकली, तरी कॅस्पामध्ये दोन्ही प्रयत्न मोजले जातात. म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्रात आधी डी (१ गुण) आणि नंतर ए (४ गुण) मिळाला, तर तेथे दोहोंची सरासरी २.५ च राहते. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये घेतलेला एखादा विषय किंवा हायस्कूलमध्ये असताना मिळवलेले कॉलेजचे क्रेडिट हेही त्यात येते.

आता तुझाच हिशेब मांडू. १२० क्रेडिट गुणिले २.७ म्हणजे ३२४ गुणांक. पदवीनंतर तू ३० क्रेडिट घेतलेस आणि प्रत्येक विषयात ए मिळवलास, तर १५० क्रेडिटवर ४४४ गुणांक होतात आणि सरासरी २.९६ वर येते. ४० क्रेडिट घेतलेस तर ती ३.०२ च्या पुढे जाते. वर्षभराच्या निर्दोष कामगिरीने एकूण आकडा एवढाच हलतो, हे पाहून अनेक मुले खचतात. परंतु कॅस्पा विज्ञान विषयांची सरासरी वेगळी दाखवते, पदवीच्या प्रत्येक वर्षाची वेगळी दाखवते आणि पदवीनंतर घेतलेल्या विषयांचीही वेगळी दाखवते. तुझे विज्ञानाचे ५० क्रेडिट २.५ ने झाले असतील, तर त्यात ए श्रेणीचे ३० क्रेडिट मिळवल्यावर विज्ञानाची सरासरी ३.०६ होते. काही अभ्यासक्रम शेवटच्या ६० क्रेडिटना अधिक महत्त्व देतात. तेथे तुझ्या पहिल्या दोन वर्षांचे ओझे बरेच हलके होईल. पदव्युत्तर पदवी घेऊन सगळे भरून काढावे, असा सल्ला तुला कोणी ना कोणी देईल. तिचे गुण मात्र पदवीच्या सरासरीत मिसळत नाहीत, वेगळे मांडले जातात, आणि तिचा खर्च मोठा असतो. म्हणून तुझ्या परिस्थितीत आधी पदवीस्तरावरचेच विषय घ्यावेत, असे मला वाटते.

विषय निवडताना प्रवेश समितीच्या मनातला प्रश्न ओळख. ही मुलगी पहिल्या वर्षाच्या वर्गातील अभ्यासात टिकेल का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. पीए अभ्यासक्रम साधारणपणे २७ महिन्यांचा असतो. त्यातील पहिले सुमारे वर्षभर शरीररचना, औषधशास्त्र आणि रोगनिदान यांचा मारा इतका सलग असतो की बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांना नोकरी न करण्यास बजावले जाते. त्यामुळे एका सत्रात एकच सोपा विषय घेऊन मिळवलेला ए समितीला काहीच सांगत नाही. शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांसारखे विषय एकत्र घेऊन त्यांत ए मिळव. जेथे सी किंवा त्याहून कमी श्रेणी आहे, तोच आवश्यक विषय पुन्हा दे. बी मिळालेले विषय पुन्हा देण्यात वेळ घालवू नकोस, त्यापेक्षा वरच्या पातळीचा नवा विषय घे.

रुग्णसेवेच्या अनुभवाबद्दल मला थोडे अधिक लिहावेसे वाटते. हा व्यवसाय जन्माला आला तोच अनुभवी हातांना औपचारिक शिक्षण देण्यासाठी: १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिला वर्ग सुरू केला, तेव्हा त्यांनी नौदलात वैद्यकीय सेवक म्हणून काम केलेल्या जवानांना निवडले होते, आणि १९६७ मध्ये त्यांतील तिघे पहिले पीए म्हणून बाहेर पडले. ती परंपरा आजही अर्ज वाचणाऱ्यांच्या नजरेत आहे. काही ठिकाणी ५०० तास पुरतात, काही ठिकाणी १००० किंवा २००० तास मागतात. आठवड्याला ४० तास काम केले, तर २००० तास साधारण वर्षभरात पूर्ण होतात. नर्सिंग असिस्टंट, ईएमटी (रुग्णवाहिकेतील आपत्कालीन वैद्यकीय सेवक) किंवा मेडिकल असिस्टंट म्हणून केलेले काम थेट रुग्णसेवेत धरले जाते. डॉक्टरांच्या शेजारी बसून नोंदी करणाऱ्या स्क्राइबचे काम काही ठिकाणी त्यात धरतात, काही ठिकाणी धरत नाहीत. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलून देणे, रात्री त्याचा रक्तदाब घेणे ही कामे घरच्यांना पदवीधर मुलीसाठी कमीपणाची वाटतील. तशी ती मुळीच नाहीत, आणि मुलाखतीत तुझ्या शब्दांना वजन याच कामातून येईल. मात्र पाळ्यांमुळे अभ्यास मागे पडू लागला, तर तास कमी कर, श्रेणी नव्हे. अनुभव नंतरही वाढवता येतो, बी आणि सी मात्र कायमचे राहतात.

कॅस्पाचा निबंध रिकाम्या जागांसह ५००० अक्षरांचा असतो. त्यात कमी गुणांचे कारण दोन-तीन वाक्यांत सरळ सांग, प्राध्यापकांवर दोष ठेवू नकोस, आणि उरलेली जागा रुग्णांसाठी आणि या व्यवसायाच्या निवडीसाठी ठेव. 'डॉक्टर का नाही?' हे तुला नक्की विचारले जाईल. मेडिकलला जमले नाही म्हणून इकडे वळलीस, असे तुझ्या उत्तरात जरा जरी ऐकू आले, तर चांगली श्रेणीही तुला वाचवणार नाही. आई-बाबांशीही हे मोकळेपणाने बोल.

अभ्यासक्रम निवडताना नुसती किमान अट पाहू नकोस. प्रत्येक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला आपल्या विद्यार्थ्यांचा परवाना परीक्षेतील, म्हणजे पॅन्सचा, निकाल आणि मध्येच गळालेल्या विद्यार्थ्यांची आकडेवारी प्रसिद्ध करावी लागते. ज्याची सुरुवात कच्ची आहे, त्याने ही दुसरी आकडेवारी आधी वाचावी, कारण प्रवेश देऊन सहा महिन्यांत बाहेर काढणारी संस्था तुझ्या पदरात केवळ कर्ज टाकेल. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस ही संघराज्य सरकारची कर्जयोजना बंद होत आहे, म्हणून पैशाचा आराखडाही आत्ताच कर.

अर्ज दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस खुले होतात आणि बऱ्याच ठिकाणी जसे येतील तसे वाचले जातात, त्यामुळे पुढच्या वर्षी लवकर अर्ज करायचा, तर नवे विषय त्याआधी संपलेले असले पाहिजेत. तू शिकलीस त्या प्रत्येक कॉलेजचे गुणपत्रक मागवून विषय, वर्ष, क्रेडिट आणि श्रेणी असा एक तक्ता कर आणि मला पाठव. पानगळीच्या सत्राची नोंदणी बंद होण्यापूर्वी त्यातले कोणते विषय पुन्हा घ्यायचे आणि कोणते नवे, हे आपण दोघी बसून ठरवू.

तुझी हितचिंतक