तो माझ्याकडे पाठ करूनच बसतो

प्रश्न : मी दोन महिन्यांपासून दर रविवारी एका प्राण्यांच्या शेल्टरमधे व्हॉलंटियर म्हणून जाते. तिथे ११ वर्षांचा एक कुत्रा आहे, मालक वारले म्हणून घरच्यांनी आणून सोडलाय. मी त्याला बंड्या म्हणते. मी पिंजऱ्यात गेले की तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतो, थरथरतो, खाऊ दिला तर माझ्यासमोर शिवत पण नाही, मी गेल्यावर खातो असं तिथला मुलगा सांगतो. मागच्या रविवारी पट्टा लावायला वाकले तर चक्क गुरगुरला. बाकीचे म्हणतात लाड करू नका, त्याने भीती अजून वाढते. मला वाटायला लागलंय की मीच त्याला उगाच छळतेय, जाणं बंद करू का?

उत्तर : ताई, जाणं बंद करू नका, पण गेल्यावर जे जे करताय त्यातलं निम्मं नक्की बंद करा!

आधी गुरगुरण्याचं. कोणी त्याला त्यावरून रागावलं तर नाही ना? गुरगुरणं म्हणजे तो अजून तोंडाने सांगतोय की नको, आणि ते दटावून बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता थेट दात लागतात. शिवाय ११ वर्षांचं कुत्रं मानेला हात लावल्यावर गुरगुरतं तेव्हा मला भीतीच्या आधी दुखणं आठवतं, मान, दात, कान, सांधे काहीही असू शकतं. तो उठताना मागचं अंग ओढत उठतो का, गुळगुळीत फरशीवर पाय सरकतात का, एकच सांधा सारखा चाटत बसतो का हे बघा आणि शेल्टरच्या व्हेटना सांगा. म्हाताऱ्या कुत्र्यांना ऐकू पण कमी येतं, त्यामुळे मागून जाऊन हात लावला की ती दचकतात, म्हणून समोरून दिसेल असं जायचं. आणि हो, ते भिंतीकडे तोंड करून बसणं फक्त तुम्ही असतानाच की एरवीही, हे त्या मुलाला विचारा. एरवीही तासन् तास भिंतीकडे बघत असेल, रात्री येरझाऱ्या घालत असेल तर वयाने मेंदू थकल्याचं ते लक्षण असू शकतं, माणसांच्या स्मृतिभ्रंशासारखंच, आणि व्हेट त्यावर थोडीफार मदत करू शकतात.

आता लाडांचं. भीती ही काय खोड नाहीये की खाऊ दिला म्हणून ती जास्त करेल. भीती वाढते ती अंगावर वाकल्याने, डोळ्यात डोळे घालून बघितल्याने, कोपऱ्यात गाठून कुरवाळल्याने, आणि आपण प्रेमाच्या भरात नेमकं तेच करतो.

म्हणून पिंजऱ्यात जाऊच नका सध्या. बाहेर, पाच-सहा फुटांवर, त्याच्याकडे कड करून खाली बसा आणि पुस्तक वाचा, खरंच वाचा, वाचायचं नाटक करून तिरक्या डोळ्याने बघत बसलात तर त्याला कळतं. मधेच खाऊचा तुकडा टाका, पण तुमच्या बाजूला नाही, त्याच्या पलीकडे, म्हणजे खायला त्याला तुमच्यापासून लांब जायचं असतं आणि परत यायचं की नाही हे तोच ठरवतो. तुमच्यासमोर खाल्लं नाही तर अजून मागे सरका, अंतर कमी पडतंय एवढाच त्याचा अर्थ. मी सुरुवातीला उलटं करायचे, तळहातावर खाऊ धरून एकेक पाऊल जवळ बोलवायचे. एक म्हातारी कुत्री आली, मान लांब करून, मागचे पाय तिथेच रोवून, खाऊ संपला, मग तिच्या लक्षात आलं की आपण माणसाच्या किती जवळ आलोय आणि तिने घाबरून माझ्या मनगटावर दात मारले. चूक माझीच होती. (चावलं, ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच डॉक्टर. रेबीजची आधीच घ्यायची लस असते तिचंही त्यांना विचारून ठेवा.)

झोप आलेली नसताना जांभई, सारखी नाकावरून जीभ, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं, हे सगळं म्हणजे आता पुरे. उलट ओला झाल्यासारखं अंग झटकलं तर ताण थोडा उतरला म्हणायचं. कधीतरी आपणहून येऊन हुंगेल, तेव्हाही डोक्यावर हात नाही, छातीला तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. परत अंग टेकवलं तर अजून तीन सेकंद, मान वळवली तर विषय संपला.

रविवारी माणसांची गर्दी असेल तर वार बदलून बघा. सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली की आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, त्यात कोण शांत राहील? आठवड्यातून दोनदा अर्धा तास जमलं तर एका लांबलचक रविवारपेक्षा बरं, वेळ मात्र तीच ठेवा.

फिरवायची घाई नको. आधी व्हेटनी तपासू दे, मग छातीभोवती बसणारा हार्नेस, कारण घाबरलेलं कुत्रं मागे सरकून गळ्यातल्या पट्ट्यातून अलगद निसटतं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं एकाच झुडपापाशी हुंगत उभा राहिला तरी राहू दे, ओढू नका.

महिन्याभराने परत लिहा, आणि भिंतीबद्दल तो मुलगा काय म्हणाला ते आठवणीने कळवा.